पाच मिनिटांची सूचना

ग्रंथपालाने सतरा वर्षांपूर्वी एक पुस्तक लिहायला घेतले होते, आणि ते अजूनही लिहायला घेतलेलेच होते. विषय होता प्रतीक्षा. या विषयावर त्याने अकराशे टिपणे काढली होती, ती बुटांच्या नऊ खोक्यांत वर्णानुक्रमे लावली होती आणि ग्रंथाला सहा प्रस्तावना लिहिल्या होत्या. त्यांतली प्रत्येक आधीच्या प्रस्तावनेतल्या उणिवा निर्दयपणे दाखवून देणारी होती. पहिले प्रकरण मात्र अद्याप नव्हते. एखाद्या विषयावर आजवर कोणी कोणी काय काय म्हटले आहे हे पुरते ठाऊक झाल्याखेरीज आपण तोंड उघडणे त्याला उद्धटपणाचे वाटे. असा विनय बाळगणाऱ्याला जगात मान मिळतो. तो त्याला मिळाला होता. ग्रंथालयाच्या समितीची माणसे त्याला पाहून खुर्चीत सावरून बसत, आणि ‘पुस्तक कुठवर आलं?’ असे आता कोणी विचारीत नसे. शेवटचे विचारणाऱ्याला त्याने पाऊण तास उत्तर दिले होते.

फक्त घरच्या माणसांत मानाचा दुष्काळ होता. त्याची मेहुणी त्याच ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर बसे. चारचौघांत ती त्याला ‘सर’ म्हणे आणि चारचौघांची पाठ वळली की ‘भावोजी’.

“भावोजी, ताईनं विचारायला सांगितलंय. दहावं खोकं लागणार असेल तर या खेपेला बूट कुणाला घ्यायचे? तिच्याकडे चार जोड झालेत.”

“हे ग्रंथालय आहे,” तो म्हणे.

“म्हणून तर हळू विचारलं.”

ग्रंथालयाच्या वाचनकक्षात भिंतीला लागून बारा संगणक होते. ज्यांच्या घरी संगणक नाही, किंवा ज्यांना घरी कोणी बसू देत नाही, अशी माणसे तिथे नाव नोंदवून बसत. प्रत्येकाला दोन तास. कक्षाच्या टोकाला ग्रंथपालाची काचेची खोली होती आणि त्याच्या टेबलावरच्या पडद्यावर बारा लहान चौकोन दिसत: बारा संगणकांवर त्या घडीला जे चालले असेल ते. कोणी भलतेसलते पाहू नये म्हणून समितीने ही सोय केली होती. एखाद्याची वेळ संपायला पाच मिनिटे उरली की ग्रंथपाल जागचा न उठता त्याच्या पडद्यावर सूचना पाठवी आणि पाच मिनिटे झाली की जागचा न उठताच तो संगणक बंद करी. बंद होताना संगणक आपल्या पोटातले सगळे पुसून टाकी. पुढचा माणूस बसे तो कोऱ्या पाटीपुढे. ज्याला आपले काम हवे असेल त्याने ते वेळेत आपल्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे, असा नियम होता.

सूचनेचा मजकूर ग्रंथपालाने स्वतः रचला होता. ‘आपली वेळ संपत आली आहे. आपले काम जपून ठेवावे.’ या दोन वाक्यांना त्याला तीन आठवडे लागले होते. ‘संपत आली’ की ‘संपत आलेली’ यावर त्याने एक टिपणही काढले होते. हे त्याचे एकमेव प्रकाशित लेखन.

सात नंबरवर सहा महिन्यांपासून एक बाई येत होत्या. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, तपासणीच्या दारापाशी उभे राहून, एकतीस वर्षे त्यांनी रुग्णांची नावे पुकारली होती. तिथे त्यांना सगळे पुकारबाई म्हणत; निवृत्तीनंतर नोकरी सुटली, नाव सुटले नाही. नोंदणीच्या अर्जावर ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात त्यांनी लिहिले होते: ‘दवाखान्यात वाट पाहत बसलेल्या माणसांबद्दल लिहिणे.’ अर्ज पाहून ग्रंथपालाला गंमत वाटली होती. एखाद्या मूर्तिकाराच्या दारात कोणी शाडूचा गोळा घेऊन यावे तशी ती गंमत होती, आणि ती जेमतेम आठवडाभर टिकली.

आठवड्याने, केवळ कर्तव्य म्हणून, त्याने सात नंबरचा चौकोन मोठा करून पाहिला. बाई दोन बोटांनी टंकत होत्या. शुद्धलेखन बेताचे होते. ते पाहून त्याला बरे वाटले आणि तो वाचत गेला. पडद्यावर लिहिले होते:

‘नाव लवकर पुकारलं की माणसं घाबरतात. उशिरा पुकारलं की चिडतात. वेळेवर पुकारलं तर पिशवी शोधत बसतात.’

ग्रंथपालाने चौकोन लहान केला. थोड्या वेळाने पुन्हा मोठा केला. प्रतीक्षा संपण्याच्या क्षणावर त्याच्या चौथ्या खोक्यात त्रेचाळीस टिपणे होती, तीन भाषांतली, आणि त्यांपैकी एकातही पिशवी नव्हती. एवढ्या थोर थोर माणसांनी वाट पाहण्याचा एवढा विचार केला, आणि हाक आल्यावर माणूस आधी पायाशी ठेवलेली पिशवी चाचपतो हे त्यांच्यातल्या एकाच्याही नजरेला पडले नव्हते. निदान आपल्या नजरेला पडायला काय हरकत होती? तोही दंतवैद्याकडे जात असे. त्याच्याकडेही पिशवी असे.

त्या दिवसापासून तो रोज वाचू लागला. दहा वाजता बाई येत, दहा वाजून पाच मिनिटांनी तो दार लोटून घेई. त्याला हे व्यसन म्हणवत नव्हते, म्हणून तो त्याला देखरेख म्हणे. प्रत्येक चांगल्या वाक्यागणिक त्याचा जळफळाट होई, आणि ज्या दिवशी चांगले वाक्य नसे त्या दिवशी तो उगाच मेहुणीवर खेकसे. बाई लिहीत त्यात युक्तिवाद नव्हता, संदर्भ नव्हते, व्याख्या तर नव्हतीच. एका प्रकरणात फक्त खुर्च्या होत्या: अनोळखी माणसे मध्ये एक खुर्ची सोडून कशी बसतात, आणि गर्दी वाढली की त्या सोडलेल्या खुर्चीवर बसणारा आधी दोन्हीकडे पाहून कसा माफी मागितल्यासारखा बसतो. पंधरा पाने. प्रकरण संपले तेव्हा ग्रंथपाल खोलीत एकटाच होता आणि तरीही त्याने चेहरा सारखा केला.

“सर, तुम्हाला बरं नाही का?” मेहुणीने काचेतून डोकावून विचारले. “लिंबू खाल्ल्यासारखे दिसताय.”

“काम करतोय.”

“हां. मग बरोबर.”

वाचता वाचता त्याला बाईंची कामाची रीतही कळली. त्या मध्येच कधीही लेखन जपून ठेवीत नसत. दवाखान्यात शेवटचे नाव पुकारून होईपर्यंत यादी फाइलला लावायची नाही, असा त्यांचा एकतीस वर्षांचा शिरस्ता होता. अर्धी यादी फाइलला लागली की उरलेली माणसे विसरली जातात. म्हणून इथेही त्या सूचनेची वाट पाहत. पडद्यावर ‘आपली वेळ संपत आली आहे’ उमटले की पेनड्राइव्ह लावीत, सगळे त्यावर उतरवीत आणि उठून पदर सारखा करीत. त्या सूचनेवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. ग्रंथपालाच्या लेखनावर आजवर दुसऱ्या कोणी इतका विश्वास टाकला नव्हता.

एका मंगळवारी कक्ष जवळजवळ रिकामा होता. बाईंनी टेबलापाशी येऊन मेहुणीला विचारले, “आज मला दोन पाळ्या मिळतील का? एक माणूस डोक्यात आलाय. अर्धा ठेवून उठले तर तो निघून जाईल.”

“बसा ना. सरांना सांगते.”

“सर रागावतील का हो?”

“ते जन्मतःच रागावलेले आहेत. तुम्ही बसा.”

दहा ते दोन बाई लिहीत राहिल्या, आणि दहा ते दोन ग्रंथपाल वाचत राहिला. त्याने चहा घेतला नाही, दोनदा आलेला फोन उचलला नाही. प्रकरणातला माणूस दर मंगळवारी दवाखान्यात येऊन बसायचा. एका मंगळवारी त्याच्या बायकोचे नाव पुकारले गेले होते. ती आत गेली, आतून तिला वरच्या मजल्यावर नेले आणि वरून ती खाली आली नाही. तिचे सगळे सोपस्कार झाल्यावरही तो येत राहिला. चौथ्या रांगेत कडेला बसायचा, शेजारच्या खुर्चीवर आपली टोपी ठेवायचा. दोन वर्षे. ज्याच्या हातात कागद नाही त्याला उठवावे कसे, याचा दवाखान्याकडे नियम नव्हता. शेवटी एका मंगळवारी, यादी संपल्यावर, पुकारबाईंनी यादीत नसलेले तिचे नाव एकदा पुकारले.

बस्स, एवढेच. ग्रंथपालाने शेवटची ओळ वाचली आणि त्याला स्वच्छ कळले की आपले पुस्तक लिहून झाले आहे, आणि ते आपण लिहिलेले नाही.

एक वाजून पंचावन्न मिनिटांनी सूचना पाठवायची होती. त्याने हात टेबलावर ठेवले. सूचना पाठवणे हे त्याचे कर्तव्य होते आणि दोन वाजता संगणक बंद करणे हेही कर्तव्यच होते. दोहोंपैकी दुसरे तो चोखपणे पार पाडणार होता. सुशिक्षित माणसाच्या हातून पाप घडते ते बहुधा असे, अर्ध्या कर्तव्याच्या रूपाने. बाई शेवटच्या परिच्छेदावरून पुन्हा नजर फिरवत होत्या. एक शब्द त्यांनी खोडला आणि तोच परत लिहिला. बरोबर दोन वाजता ग्रंथपालाने सात नंबर निवडला. ‘किती सेकंदांनी बंद करायचा?’ असे पडद्यावर विचारले होते. त्याने शून्य लिहिले.

चौकोन काळा झाला.

काचेपलीकडे बाई काही वेळ तशाच बसून राहिल्या, दोन्ही तर्जन्या कळफलकावर. मग उठल्या आणि दारात आल्या.

“सर, आज सूचना आली नाही.”

“कधीकधी येत नाही.” त्याने समोरचा कागद उलटला. “शेवटी यंत्र आहे.”

“सहा महिन्यांत पहिल्यांदाच.”

“समितीला कळवतो.”

“ते परत मिळायचं नाही ना?”

“बंद झालं की पुसलं जातं. नियम लावलाय तिथे भिंतीवर.”

“वाचलाय,” बाई म्हणाल्या. “तासाभराचं असतं तर आठवलं असतं. चार तासांचं आहे.” त्यांनी न लावलेला पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळला, रुमाल पिशवीत टाकला आणि त्या गेल्या. ओरडल्या नाहीत. एवढा आवाज असलेल्या बाईने न ओरडणे ग्रंथपालाला फार उद्दाम वाटले.

ती दुपार त्याची उत्तम गेली, हे नोंदवले पाहिजे. संध्याकाळी घरी त्याने दोनदा भाजी मागून घेतली, बायकोला ‘आज बसतो लिहायला’ म्हणून सांगितले आणि तिच्या भुवया खाली यायच्या आत टेबलाशी जाऊन बसला. कोरा कागद घेतला. सतरा वर्षांत प्रथमच लेखणी अडली नाही. एका दमात तीन ओळी उतरल्या: साध्या, घट्ट, एक शब्द इकडचा तिकडे करता येऊ नये अशा. त्याने त्या ओळी मोठ्याने वाचल्या.

‘तो माणूस मंगळवारी यायचा. त्याच्या हातात कागद नसायचा. कागद नसलेल्या माणसाकडे दवाखान्यात कुणी बघत नाही.’

“छानच आहे की हो!” बायको आतून म्हणाली. “हे तुम्ही लिहिलंत?”

त्याने कागद फाडला. फाडताना चौथी ओळ डोक्यात आली. चौथीमागून पाचवी. तो अंथरुणावर पडला तरी ओळी येतच राहिल्या, आणि त्या सगळ्या जागच्या जागी होत्या, बाईंच्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट. प्रेमाने वाचणारा पाने विसरतो, त्याला परत वाचता येते म्हणून. ग्रंथपालाने दात ओठ खात वाचले होते. तो काहीच विसरला नव्हता.

बुधवारी दहाला बाई आल्या आणि सात नंबरवर बसल्या. त्याने चौकोन मोठा केला. बाई तेच प्रकरण पुन्हा लिहीत होत्या.

‘दर मंगळवारी एक अत्यंत दुःखी चेहऱ्याचा माणूस आमच्या दवाखान्यात येत असे. त्याला पाहून सर्वांचे मन हेलावून जाई.’

ग्रंथपाल हसायला गेला, तेवढ्यात पुढची ओळ उतरली. ती याहून वाईट होती. बाई आठवू पाहत होत्या, आठवत नव्हते, आणि न आठवलेल्या जागी त्या विशेषणे ठेवत होत्या. तिसऱ्या ओळीत अश्रू आले. त्याला हवे होते ते समोर उतरत होते: एक सामान्य बाई सामान्य लिहीत होती, आणि जगात त्याचा कोणी प्रतिस्पर्धी उरला नव्हता. त्याने आनंदित व्हायला हवे होते. पण त्याच्या डोक्यात मूळ वाक्य लख्ख उभे होते आणि पडद्यावर त्याच्या जागी हे. चांगल्या वाक्याचा त्याने मत्सर केला होता. वाईट वाक्य तर त्याला कधीच सहन झाले नव्हते. चौथ्या ओळीत ‘काळजाला पीळ पडला’ असे आले तेव्हा तो उठला.

“अगंबाई, सर उठले!” मेहुणी म्हणाली. “आग लागली की काय कुठे?”

तो सात नंबरच्या मागे जाऊन उभा राहिला.

“‘दुःखी’ नव्हतं,” तो म्हणाला.

बाई वळल्या. “काय म्हणालात?”

“काल ‘दुःखी’ नव्हतं. ‘तो माणूस मंगळवारी यायचा. त्याच्या हातात कागद नसायचा.’ असं होतं.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिले, मग कक्षाच्या टोकाला काचेच्या खोलीकडे, मग परत त्याच्याकडे. एकतीस वर्षे त्यांनी दारापाशी उभे राहून माणसांचे चेहरे पाहिले होते. त्यांना फार वेळ लागला नाही.

“तिथून दिसतं?”

“दिसतं.”

“रोज वाचत होतात?”

“रोज.”

“मग काल सूचना का आली नाही, तेही तिथून दिसलं असेल.”

आत्ता ‘यंत्र’ म्हणता आले असते. शब्द जिभेवर होता.

“मी पाठवली नाही,” ग्रंथपाल म्हणाला. “आणि बंदही मीच केलं.”

“का?”

सहा प्रस्तावना लिहिलेल्या माणसाला याचे उत्तर सहा प्रकारे देता आले असते.

“चांगलं होतं म्हणून,” तो म्हणाला.

तीन नंबरवर बसलेले गृहस्थ मान वळवून पाहत होते. मेहुणीचा शिक्का हवेत थांबला होता. मग बाईंनी पडद्यावरच्या चार ओळी खोडल्या, एकेक अक्षर करत, आणि शेजारची खुर्ची पायाने बाहेर ओढली.

“बसा. सांगा.”

“सगळं?”

“सगळं पुसलंत ना? मग सगळंच.”

तो सांगत गेला आणि बाई दोन बोटांनी टंकत गेल्या. चौथी रांग आली, कडेची खुर्ची आली, टोपी आली. तो इतक्या सरळ आवाजात सांगत होता की जणू कोणाच्या तरी नावांची यादी वाचत आहे. बाई मध्येच थांबवीत: “इथे ‘जुनी टोपी’ होतं ना?” “नाही. नुसती ‘टोपी’.” “बरं.” तासाभराने मेहुणीने न विचारता दोन कप चहा आणून ठेवला आणि जाताना, आयुष्यात पहिल्यांदा, काही बोलली नाही.

शेवटचा परिच्छेद उरला. यादी संपली होती, बाई दाराशी उभ्या होत्या, नाव अजून पुकारायचे होते. ग्रंथपाल थांबला. चार तास वाचताना आणि रात्री पडल्या पडल्या त्याला या जागी सतत एक वाक्य ऐकू येत होते, आणि ते बाईंचे नव्हते. सतरा वर्षांत त्याला सुचलेले ते एकुलते एक वाक्य होते, आणि या जागेखेरीज ते जगात कुठेही बसणार नव्हते. बाईंना काय कळणार होते? चार तासांचा मजकूर कोणाला शब्दशः आठवतो?

“‘वाट पाहणं म्हणजे,’” तो म्हणाला, “‘जो नाही त्याची हजेरी आपण लावत राहणं.’”

बाईंची बोटे अर्ध्यात थांबली.

“हे माझं नाही.”

“होतं. शेवटाच्या आधी.”

“नव्हतं.” आवाजात राग नव्हता; चुकीच्या खोलीत शिरलेल्या रुग्णाला सांगावे तसे त्यांनी सांगितले. “माझं सांगताना तुम्ही सरळ सांगत होतात. हे सांगायच्या आधी श्वास घेतलात.”

ग्रंथपालाचे कान तापले. चोरी पकडली जाणे ही एक गोष्ट झाली. पण आपले पहिलेवहिले वाक्य अर्ध्या ओळीतच पकडले जावे, आणि तेही श्वासावरून!

“वाईट आहे का?” त्याने विचारले. विचारल्याबरोबर त्याला स्वतःची शिसारी आली.

बाईंनी पडद्यावरची अर्धी ओळ पुन्हा वाचली. “नाही. चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “पण त्या माणसाला हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. ज्याला ठाऊक आहे त्यानं आपल्या पुस्तकात घालावं. तुमचंही आहे म्हणे एक.”

“आहे.”

“मग झालं तर. खोडा.”

त्यांनी कळफलक त्याच्याकडे सरकवला. ग्रंथपालाने आपले वाक्य खोडले, एकेक अक्षर करत, आणि कळफलक परत सरकवला.

“पुढे?” बाई म्हणाल्या.

“‘मी तिचं नाव घेतलं. यादीत नव्हतं, तरी घेतलं. नेहमीच्या आवाजात. तो उठला नाही, त्याने नुसती मान हलवली. मग खुर्चीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली आणि गेला. पुढच्या मंगळवारी ती खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली.’”

त्यात त्याचे काहीही नव्हते, आणि एकही शब्द चुकला नव्हता.